विरजणाचा टँकर

ती पावडर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला भाजलेलं बेसन वाटलं होतं. पाच किलोचं पाकीट, वर निळ्या बुडबुड्यांचं चित्र, आत कोंड्यात मिसळलेले बॅक्टेरिया. कृती पाठीमागे छापलेली: दोनशे लिटरच्या पिंपात कोमट पाणी घ्या, दोन किलो गूळ विरघळवा, पाकीट रिकामं करा, रात्रभर ठेवा, सकाळी एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडायच्या टाकीत, ओता. मी रुजू झाले तेव्हा आमच्या कचरा डेपोवर, कचऱ्यातून झिरपणारं पाणी साफ करायच्या प्लँटमध्ये हा नैवेद्य तीन महिने रोज चालू होता. आणि तीन महिने अमोनियाचा आकडा जवळपास जागचा हलला नव्हता. लिटरमागे १,४०० मिलिग्रॅम आत, १,३०० बाहेर. मधले शंभर कुठे जातात हे टँकच्या कठड्याशी उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी येऊन कळायचं. ते हवेत जात होते.

कागदोपत्री त्या पाण्याला लीचेट म्हणतात. डेपोवर कुणी तसं म्हणत नाही. तिथे ते 'काळं'. "आज काळं किती आलं?" "काळ्याचा पंप ट्रिप झालाय." ओल्या कचऱ्याचं स्वतःचं पाणी सुटतं, वरून पाऊस पडतो, आणि सगळं कचऱ्याच्या थरांतून झिरपत, वाटेत जे विरघळेल ते घेत खाली उतरतं. कचरा ताजा असेल तर हे पाणी आंबट असतं आणि बॅक्टेरियांना खाण्याजोगं त्यात भरपूर असतं. कचरा जुना झाला की सोपं खाणं ढिगाच्या पोटातच संपतं, पण अमोनिया उरतो, कारण ढिगात ऑक्सिजन नाही आणि ऑक्सिजनशिवाय त्याला पुढची वाट सापडत नाही. आमचा ढीग वीस वर्षांचा. वर ताजा कचरा, खाली जुना. आम्हाला दोन्हीकडचं मिळायचं.

२०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे असं पाणी नाल्यात सोडायचं तर अमोनियाचा नायट्रोजन ५० च्या आत, बीओडी (घाण खाताना बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन) ३० च्या आत, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५० च्या आत हवा होता. आमचा अमोनिया १,३००. नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी पिवळं झालं होतं आणि तिथले लोक दर पंधरा दिवसांनी बाटल्या भरून गेटवर येत.

मी सांगलीची. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं ते औषधकंपनीच्या आशेने. मिळाली ही नोकरी, हुद्दा 'केमिस्ट'. खोलीत सीओडीचा डायजेस्टर, एक पीएच मीटर आणि एका डोळ्याच्या भिंगावर बुरशी धरलेला मायक्रोस्कोप. दुसऱ्या आठवड्यात सहज म्हणून मी त्या पावडरीची स्लाइड केली. काठ्यांसारखे बॅसिलस, पोटात चकचकीत बीजाणू. छान, तंदुरुस्त. पण ते अमोनियाला हात लावणारे नव्हेत. ते काम नायट्रोसोमोनास आणि त्यांच्या भावकीचं: ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. या मंडळींना बीजाणू करता येत नाहीत. म्हणजे वाळवून कोंड्यात घालून पाकिटात महिनोन्‌महिने जिवंत ठेवण्यातली ही जात नाही. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्कीने त्यांना वेगळं केलं तेव्हाही त्याला हाच हट्टीपणा नडला होता. नेहमीच्या पोषक माध्यमावर ते वाढेनात, शेवटी त्याने सिलिकाच्या जेलवर वाढवले. परीक्षेत पाच मार्कांना येणारी टीप. ती कधी पगाराला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण सहा महिन्यांची ऑर्डर गेलीय."

त्याच सुमारास शिफ्टला अण्णा आले. शहराच्या सांडपाणी प्लँटवरून निवृत्त झालेले, इथे ठेकेदाराकडे ऑपरेटर म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी लॉगबुक उघडलं आणि बराच वेळ एकाच ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. रोजची नोंद होती: 'युरिया ५ किलो, डीएपी २ किलो.'

"हे कशाला?"

"न्यूट्रिएंट," मी म्हणाले. आधीचा ऑपरेटर साखर कारखान्याच्या प्लँटवरून आलेला. तिथल्या पाण्यात नायट्रोजन कमी, म्हणून युरिया घालतात. तो सवयीने इथेही घालत होता.

"म्हणजे अमोनिया काढायच्या टाकीत आपण वरून अमोनिया घालतोय." अण्णा हसले नाहीत. पोती त्यांनी डेपोच्या कडेच्या बागेत नेऊन ठेवली. खरं तर अशा पाण्यात कमी पडतो तो फॉस्फरस, म्हणून आम्ही नंतर थोडं फॉस्फोरिक ॲसिड सुरू केलं.

मग ते एरेशन टँकवर गेले, बादलीने पाणी काढलं, ओंजळीत घेऊन वास घेतला. मला कसंसंच झालं. "मॅडम, ह्यात गाळच नाही. नुसतं काळं ढवळताय तुम्ही. दूध ढवळून दही होतं का? विरजण पाहिजे."

विरजण त्यांच्या जुन्या प्लँटवर होतं. तिथल्या टाकीत गाळ, म्हणजे बॅक्टेरियांचे पुंजके, वीस-पंचवीस दिवस फिरत राहतो आणि नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, पूर्ण होतं. हा काळ महत्त्वाचा. ई. कोलाय चांगलं खाणं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनिया खाणाऱ्यांना सगळं मनासारखं असलं तरी दिवसाच्या आसपास लागतो. गाळ त्याआधी काढून फेकला तर ते वाढायच्या आधीच वाहून जातात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी हेच तर पाहिलं होतं. बाटलीत सांडपाण्याला हवा देत राहिले, अमोनियाचं नायट्रेट व्हायला कित्येक आठवडे लागले. मग वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला, नवं पाणी घातलं, आणि दर फेरीला वेळ कमी होत गेला. ॲक्टिव्हेटेड स्लज म्हणून जगभर जे चालतं ते एवढंच आहे, तळाचं फेकू नका.

जानेवारीत दहा हजार लिटरचे सहा टँकर आले. आमच्या टाकीचे दोन भाग, प्रत्येकी अडीचशे घनमीटर. एकच भाग वापरायचा ठरवला, म्हणजे विरजण पातळ होणार नाही. गाळ पडला तेव्हा टाकीचा रंग पहिल्यांदा तपकिरी झाला, आणि वास तळघरात ठेवलेल्या पोत्यांसारखा, दमट मातीचा. मला तो इतका आवडला की घरी सांगितलं. आई म्हणाली, "जेवताना नको."

साहेबांचं म्हणणं होतं, आता गाळ आलाय तर सगळं काळं सुरू करा, रोजचे चाळीस घनमीटर. अण्णांनी मान हलवली. मी त्यांची बाजू घेतली, पण खरं सांगायचं तर मलाही नक्की कळलं ते त्या बुरशीवाल्या मायक्रोस्कोपखाली. गाळाच्या थेंबात व्हॉर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव होते. देठावर उभ्या घंटा, तोंडाशी केसांची भिरभिर, सगळ्या मजेत. कव्हरस्लिपच्या कडेला मी काळ्याचा एक थेंब सोडला. तो आत सरकत गेला तसतसे एकेक देठ स्प्रिंगसारखे गुंडाळले गेले. काही पुन्हा उलगडले. काही घंटा देठावरून सुटून तरंगत गेल्या. सांडपाण्यात क्षार लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आमच्या काळ्यात चौदा हजार. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मी साहेबांना बोलावून तेच दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस?"

पहिल्या दिवशी अडीचशे घनमीटरमध्ये एक घनमीटर काळं. आठवडाभर तेवढंच. मग दोन. मग तीन. अण्णा रोज सकाळी लिटरच्या काचेच्या जारमध्ये टाकीचं पाणी भरून अर्धा तास गाळ बसू देत आणि वर किती स्वच्छ पाणी उरलं त्याची रेघ मारत. मी अमोनिया, पीएच आणि नायट्राइट पाहायची. अठरा दिवस काहीही नाही. एकोणिसाव्या दिवशी पीएच ०.३ ने उतरला, म्हणजे टाकीत आम्ल होऊ लागलं होतं. मीटर बिघडला समजून मी तो दोनदा कॅलिब्रेट केला. मग नायट्राइटची टेस्ट लावली. परीक्षानळीत रसायन घातलं आणि ती आधी गुलाबी झाली, मग बघताबघता वांगी रंगाची. इतकी गडद की हजारपट पातळ केल्याशिवाय आकडा येईना. नळी घेऊन मी शेडमध्ये धावत गेले. अण्णा डबा खात होते. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, परत दिली आणि म्हणाले, "लागलं."

लागलं, पण अर्धवट. अमोनियाचं नायट्राइट करणारे कामाला लागले होते, पुढचे नाही. विरघळलेल्या मोकळ्या अमोनियाचा जाच पहिल्यांपेक्षा दुसऱ्यांना फार लवकर होतो, हे पुस्तकात वाचलेलं. पाचेक आठवडे टाकीत नायट्राइट साचत राहिलं. त्यात एक गंमत झाली. अमोनिया खाली, आणि सीओडी मात्र वर! साहेब कागद फडकावत आले: तुमचे बॅक्टेरिया पाणी साफ करतायत की घाण? सीओडीच्या टेस्टमध्ये नायट्राइटही मोजलं जातं, त्यातल्या नायट्रोजनच्या एका मिलिग्रॅमला १.१४. चारशे मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन म्हणजे साडेचारशेचा फुकटचा सीओडी. हे मी फळ्यावर लिहून दिलं. त्यांनी फळ्याचा फोटो काढून वर पाठवला. वरून काही आलं नाही, याचा अर्थ पटलं असावं.

मार्चमध्ये नायट्राइट आपसूक उतरलं. आम्ही टाकीचा दुसरा भागही जोडला, काळं पंचवीस घनमीटरवर नेलं, आणि मग एकाच आठवड्यात दोन संकटं आली. मला ती दोन वाटली.

पहिलं, पीएच ५.९ वर आला आणि अमोनिया पुन्हा चढू लागला. आम्लात हे बॅक्टेरिया काम सोडतात. मी घाईने चुन्याची दोन पोती टाकायला लावली. ही चूक माझी, अण्णा तेव्हा सुट्टीवर होते. चुना एका कोपऱ्यात गठ्ठ्याने पडला, तिथे पीएच नऊच्या वर गेला, अमोनियाचा भपकारा आला की ब्लोअरवाला, म्हणजे हवेचं मशीन सांभाळणारा, पोरगा पळाला. आणि टाकीतले डिफ्यूझर, ज्यांतून बारीक बुडबुडे येतात, त्यांच्यावर चुन्याचे थर बसले. पुढे उन्हाळ्यात ते काढून ॲसिडने धुवायला आठ दिवस गेले.

दुसरं संकट असं की शेवटच्या टाकीत, म्हणजे गाळ बसतो त्या क्लॅरिफायरमध्ये, गाळ बसेना. बसायचा आणि मग वर यायचा. सगळा पृष्ठभाग तपकिरी सायीने भरला. अण्णा आले, त्यांनी जार भरला. अर्ध्या तासात गाळ शहाण्यासारखा तळाशी. मी म्हणाले, "बसतोय की." "थांबा," म्हणाले. आम्ही चहा घेतला. तासाभराने तळाचा गाळ मधोमध फुगला, त्याला एक भेग गेली, आणि अख्खी चकती तेलातल्या पुरीसारखी वर आली. खालून बारीक बुडबुड्यांची माळ.

"वारं धरलंय ह्याला," अण्णा म्हणाले.

ते वारं म्हणजे नायट्रोजन. हवा नसलेल्या जागी गाळातले दुसरे बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. हे व्हायलाच हवं, पण क्लॅरिफायरमध्ये नव्हे, त्यासाठी आधी वेगळी बिनहवेची टाकी असते. आमच्याकडे ती होती. तिचा मिक्सर आठ महिन्यांपूर्वी जळला होता. दुरुस्तीची पत्रं फाइलमध्ये ओळीने लावलेली होती, प्रत्येकावर आवक क्रमांक.

त्या रात्री मी लॉगबुकच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चाळीस घनमीटरमध्ये रोजचा ५६ किलो अमोनिया-नायट्रोजन. एका किलोचं नायट्रेट करायला ७.१४ किलो क्षारता (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) खर्च होते, म्हणजे रोज ४०० किलो. काळ्यात मुळात आहे २८०. एकशेवीसची तूट, म्हणून पीएच कोसळतो. पण नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना किलोमागे ३.५७ परत मिळते. ५६ पैकी ३४ किलोचं जरी पुढे झालं तरी १२० परत. तूट शून्य. म्हणजे आम्ल होणं आणि गाळ तरंगणं या दोन्हींचं मूळ तो जळका मिक्सर होता, आणि मी क्षारता वाढवायला सोडा ॲशची मागणी लिहीत बसले होते.

अण्णांना दाखवलं. आकड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. "म्हणजे टाकी फिरवायची ना?" स्टोअरमध्ये पाच एचपीचा एक मड पंप धूळ खात पडला होता. तो त्यांनी टाकीत सोडला आणि त्याचा पाइप वाकवून टाकीच्याच भिंतीलगत तिरका बांधला. पाणी गोल फिरू लागलं. मिक्सर पुढच्या वर्षी आला.

नायट्रेट खाणाऱ्यांना मात्र कार्बन लागतो. कच्चं काळं आधी याच टाकीत वळवलं, तरी माझ्या हिशेबाने रोज चाळीसेक किलो गूळ कमी पडत होता. मळी स्वस्त, पण तिला परवाने लागतात, तो नाद सोडला. मार्केट यार्डातून पाघळलेला, खाण्यालायक न राहिलेला गूळ आणायला लागलो. ढेपा फोडायचं काम कचरा वेचणाऱ्या मावश्यांपैकी दोघींनी घेतलं. पहिल्याच दिवशी एक मावशी म्हणाल्या, "बाई, घाणीला गूळ आन आमाला बिनसाकरंचा चा." दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये साखरेचा डबा आला. मुंग्याही आल्या, त्या अजून आहेत.

एप्रिलअखेर बाहेरचा अमोनिया ३८ आला. मी सॅम्पल पुन्हा लावलं. ४१. तिसऱ्यांदा लावायला रसायन उरलं नव्हतं.

मे महिन्यात वळवाच्या एका पावसात विजेचा खांब पडला. जनरेटर सुरू झाला, पण दोन ब्लोअर त्याला ओढवेनात. एका ब्लोअरवर अकरा तास काढले. रात्री दोनला मला फोन आला, मी स्कूटीवरून गेले. टाकीत उजेड नाही, नुसता बुडबुड्यांचा आवाज, तोही अर्धा. अण्णांनी काळ्याचा पंप आधीच बंद करून ठेवला होता. "उपाशी राहू देत," म्हणाले, "पण दम लागताना वर खायला घालायचं नाही, पोरी." तोवर मी मॅडम होते.

पावसाळ्याचं काय लिहावं. काळं चौपट झालं, पातळ झालं, आणि ढिगावर अंथरायच्या ताडपत्र्या अर्ध्याच आल्या. साठवण तलाव काठोकाठ. एका दिवशी फेस टाकीच्या कठड्यावरून रस्त्यावर आला आणि शाळेची पोरं त्यात खेळायला धावली, त्यांना हाकलताना माझा आवाज बसला. पण बॅक्टेरिया टिकले, गाळ टिकला.

आता जे झालं नाही ते. रंग गेला नाही. बाहेर पडणारं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, अजूनही असतं. साडेपाच हजारांचा सीओडी आम्ही दोन हजारांच्या खाली आणला, त्याखाली बॅक्टेरिया जात नाहीत. उरतं ते ह्युमिक द्रव्य. शेतात मातीला काळी करणारं जे असतं त्याच्या जातीचं, आणि ते कुणाला खाता येत नाही म्हणूनच ढिगातून एवढी वर्षं टिकून आलेलं. २५० च्या आत यायला पुढे आरओ लागतो. आरओ आहे. त्याच्या एका टोकाने स्वच्छ पाणी निघतं आणि दुसऱ्या टोकाने सगळे क्षार साठलेलं घट्ट काळं, ते टँकरने परत ढिगावर नेऊन ओततात. ते पुन्हा झिरपून आमच्याकडेच येतं. माझ्या नोंदींत काळ्यातले क्षार चौदा हजारांवरून सोळा हजारांवर गेलेत. मी हे दोनदा लेखी दिलं आहे. त्या फाइलमध्ये मिक्सरच्या पत्रांशेजारी तेही आहे.

बाटल्या घेऊन येणाऱ्यांपैकी एका काकांना मी एकदा टाक्या दाखवल्या. आरओच्या आधीचं पाणी पाहून ते म्हणाले, "रंग तर तसाच हाय की." मी अमोनियाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाटली भरून घेतली आणि विचारलं, "माझी विहीर कवा?" ते पाणी जमिनीत वीस वर्षं मुरलेलं आहे. मी त्यांना विहिरीचं सॅम्पल दर महिन्याला आणून द्या म्हणाले. ते आणतात.

या जानेवारीत दुसऱ्या एका गावच्या डेपोवरून फोन आला. नवा प्लँट, तीन महिने पावडर घालून झाली, अमोनिया हलत नाही. त्यांना गाळ हवा होता, दोन टँकर. अण्णांनी परतीच्या गाळाच्या लाइनवरून टँकर भरले, आधी बादलीत काढून वास घेतला. भरलेले टँकर गेटवर गेले आणि वॉचमनने अडवले. रजिस्टरमध्ये 'आत' च्या रकान्याला रोज दोनशे नोंदी, 'बाहेर' च्या रकान्यात काय लिहायचं त्याला कळेना. गाळ लिहिला तर गाळ बाहेर न्यायला साहेबांचं पत्र लागतं. साहेब मीटिंगला.

मी ऑफिसकडे पळाले. चाळीस मिनिटांनी पत्र घेऊन परत आले तर अण्णांनी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणवून दोन्ही टँकरच्या झाकणांतून नळ्या आत सोडल्या होत्या. आतून गुडगुड ऐकू येत होतं. ड्रायव्हर चहाच्या टपरीकडे निघालेला, त्याला त्यांनी बाहीला धरून परत आणलं.

"चहा येताना. तीन तासांत पोचायचं, वाटेत थांबायचं नाही."

"असं काय आहे ह्यात?"

"विरजण," अण्णा म्हणाले. वॉचमनने ते ऐकलं आणि रकान्यात तेच लिहिलं.